जखमेतील जंतुविष आणि मोलाचे तास

प्रवरा आणि म्हाळुंगी या नद्यांच्या संगमावर वसलेले संगमनेर हे अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील एक जुने व गजबजलेले शहर आहे. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या खोऱ्याला पाण्याची शाश्वती लाभली. पुढे या खोऱ्यात ऊस वाढला, सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि दुधाचा धंदा घरोघरी पोहोचला. ऊस आणि जनावरे या दोहोंभोवती फिरणाऱ्या या जीवनात माणसाचे हातपाय सतत माती, शेण, काटेकुटे आणि कोयता यांच्या सहवासात असतात. लहानमोठी जखम ही येथे नित्याचीच गोष्ट आहे. शंभरातल्या नव्याण्णव जखमा चार दिवसांत भरून येतात. एखादीच जखम मात्र अशी निघते की, सकाळी कामावर गेलेला धडधाकट माणूस दुसऱ्या दिवशी मृत्यूच्या दारात उभा असतो. असे का होते, याचे उत्तर जखमेच्या आकारात नसून जखमेत शिरलेल्या जंतूंच्या विषात आहे.

या भागातील पशुपालकाला हा प्रकार अपरिचित नाही. पावसाळ्याच्या सुमारास सहा महिने ते दोन-तीन वर्षे वयाचे, चांगले पोसलेले जनावर एकाएकी लंगडू लागते. त्याच्या फऱ्यावर गरम व दुखरी सूज येते. ती दाबली असता कातडीखाली करकर असा आवाज होतो. अंगात सडकून ताप भरतो आणि एक-दोन दिवसांत जनावर दगावते. या रोगाला ग्रामीण भागात ‘फऱ्या’ किंवा ‘एकटांग्या’ म्हणतात. मेलेल्या जनावराचा सुजलेला भाग काळा पडलेला आणि वायूच्या बुडबुड्यांनी भरलेला आढळतो. क्लॉस्ट्रिडियम शोव्हिआय हा जंतू या रोगाचे कारण होय. हा विशिष्ट जंतू माणसाला सहसा बाधत नाही. तथापि त्याचेच भाऊबंद माणसाच्या जखमेत शिरले म्हणजे जवळजवळ हेच चित्र माणसाच्या शरीरात उमटते. त्यास गॅस गँग्रीन अथवा वायुकोथ असे म्हणतात.

जंतू वेगळा, विष वेगळे

रोगजंतू शरीरात शिरतात, वाढतात आणि त्यांच्या संख्येमुळे रोग होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धवट खरी आहे. पॅरिस येथील पाश्चर संस्थेत एमिल रू आणि अलेक्झांडर येरसँ यांनी १८८८ मध्ये घटसर्पाचे जंतू द्रवात वाढविले व तो द्रव इतक्या बारीक गाळणीतून गाळला की, त्यात एकही जंतू उरला नाही. हा निर्जंतुक द्रव प्राण्यांना टोचला असता तरीही त्यांना रोगाची लक्षणे झाली. जंतूंनी द्रवात सोडलेले विषच घातक होते, हे यावरून सिद्ध झाले. आपल्या देशात कलकत्त्याचे डॉ. शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये ससाच्या आतड्यावरील प्रयोगांतून पटकीच्या जंतूचेही असेच एक विष असल्याचे दाखवून दिले.

मांस, चरबी, कातडी आणि स्नायूंवरील आवरणे यांना वैद्यकात मृदू ऊती म्हणतात. या ऊतींत होणाऱ्या भयंकर संसर्गांमागेही अशीच विषे असतात. त्यांचे कार्य लक्षात आल्याखेरीज या रोगात एकेका तासाला एवढे महत्त्व का आहे, हे समजणार नाही.

वायुकोथाचे दुष्टचक्र

वायुकोथाचा मुख्य जंतू क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा होय. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे विल्यम वेल्च यांना १८९१ मध्ये एका मृतदेहाच्या रक्तवाहिन्यांत वायूचे बुडबुडे आढळले आणि त्यावरून या जंतूचा शोध लागला. हा जंतू मातीत राहतो, तसाच माणसाच्या व जनावरांच्या आतड्यातही राहतो. त्यामुळे शेणखत घातलेल्या जमिनीत तो असणारच. प्रतिकूल परिस्थितीत तो टणक कवचाचे बीजाणू तयार करतो आणि हे बीजाणू वर्षानुवर्षे मातीत टिकून राहतात.

या जंतूला प्राणवायू मानवत नाही. म्हणून वरवरच्या, उघड्या आणि भळभळ वाहणाऱ्या जखमेत त्याची डाळ शिजत नाही. परंतु बैलगाडीच्या चाकाखाली पाय चिरडला, कोयत्याचा घाव स्नायूपर्यंत गेला, यंत्रात हात सापडला, किंवा मातीने माखलेली खुंटी खोलवर घुसली, तर तेथील स्नायू ठेचले जातात आणि त्यांचा रक्तपुरवठा तुटतो. रक्त नाही म्हणजे प्राणवायू नाही. अशा ठिकाणी बीजाणूंना अंकुर फुटतात. अनुकूल स्थितीत या जंतूंची संख्या दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ शकते. बारा मिनिटांचा हिशेब धरला तर दोन तासांत एका जंतूचे हजाराहून अधिक जंतू होतात.

वाढता वाढता हे जंतू अनेक विषे बाहेर टाकतात. त्यांत अल्फा विष हे प्रमुख आहे. इंग्लंडमधील मॅकफार्लेन आणि नाइट यांनी १९४१ मध्ये असे दाखविले की, अल्फा विष हे एक एंझाइम आहे. जंतुविष म्हणजे नेमके कोणते रासायनिक कार्य करणारा पदार्थ आहे, हे तेव्हा प्रथमच कळले. शरीरातील प्रत्येक पेशीभोवती एक नाजूक पटल असते आणि त्या पटलात लेसिथिन नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. अल्फा विष या लेसिथिनचे विघटन करते. भिंतीच्या विटांमधील चुना विरघळला म्हणजे भिंत ढासळावी, त्याप्रमाणे पेशीचे पटल फाटते आणि पेशी मरते. स्नायूंच्या पेशी मरतात, तशाच रक्तातील तांबड्या पेशीही फुटतात.

यापुढील घटना अधिक गंभीर आहे. या विषामुळे रक्तातील बिंबिका व पांढऱ्या पेशी एकमेकींना चिकटतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. रोगाशी लढण्यासाठी निघालेल्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांतच अडकून पडतात. म्हणूनच अशा जखमेत नेहमीसारखा दाट पू दिसत नाही, पातळ व दुर्गंधीयुक्त पाणी मात्र झिरपते. रक्तवाहिन्या तुंबल्या म्हणजे शेजारच्या निरोगी स्नायूंचाही प्राणवायू तुटतो व जंतूंना नवे क्षेत्र मोकळे होते. तेथे पुन्हा वाढ, पुन्हा विष आणि पुन्हा नाश असे हे दुष्टचक्र चालू राहते. विष रक्तात मिसळले की रक्तदाब कोसळतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात.

हा सारा प्रताप खरोखर विषाचाच आहे काय, याची पडताळणी ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी केली. त्यांनी १९९५ मध्ये अल्फा विष तयार करणारे जनुक निकामी केलेले जंतू उंदरांना टोचले. जंतू तेच होते, परंतु त्यांच्यापाशी विष नव्हते. उंदरांना वायुकोथ झाला नाही.

साखळीच्या आकाराचा शत्रू

दुसरा शत्रू मातीतला नाही. स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस हा साखळीच्या आकारात वाढणारा गोल जंतू अनेकांच्या घशात किंवा कातडीवर असतो आणि बहुधा घसा दुखणे, पुटकुळ्या येणे एवढाच त्रास देतो. परंतु क्वचित प्रसंगी तो कातडीखालच्या चरबीत आणि स्नायूंवरील आवरणात शिरतो व त्या आवरणाच्या थरातून वणव्यासारखा पसरतो. या रोगास नेक्रोटायझिंग फॅसायटिस असे म्हणतात. वर्तमानपत्रे त्याचा उल्लेख ‘मांस खाणारा जंतू’ असा करतात. वस्तुतः जंतू मांस खात नाही. त्याची विषे मांस मारतात.

स्ट्रेप्टोकॉकसची काही विषे पेशीपटलाला छिद्रे पाडतात, तर काही एंझाइमे ऊतींना जोडणारे द्रव्य विरघळवून जंतूंना वाट करून देतात. तिसऱ्या प्रकारची विषे मात्र विलक्षण आहेत. त्यांना सुपरअँटिजेन म्हणतात. एखादा रोगजंतू शरीरात आला म्हणजे टी-पेशी नावाच्या रक्षक पेशींपैकी फार थोड्या, साधारणतः दहा हजारांत एखादी, जागृत होतात. सुपरअँटिजेन मात्र एकाच वेळी पाचव्या हिश्शापर्यंत टी-पेशींना चेतवू शकतात. गावात चोर शिरल्याचे कळताच साऱ्या गावाने अंधारात लाठ्या फिरवाव्यात आणि आपलीच माणसे जायबंदी व्हावीत, तसा हा प्रकार आहे. या अवाजवी प्रतिकाराने रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब कोसळतो आणि एकामागून एक अवयव निकामी होतात.

या रोगाला मोठी जखम लागतेच असे नाही. काट्याचे टोचणे, किड्याचे चावणे, एखादा ओरखडा एवढेही पुरते. काही वेळा तर केवळ मुका मार लागलेला असतो आणि कातडी फुटलेलीही नसते.

मधुमेही व्यक्तींना तिसऱ्या प्रकारचा धोका असतो. त्यांच्या पायाच्या जखमांत व नाजूक जागच्या गळवांत अनेक जातींचे जंतू एकत्र येऊन असाच विध्वंस घडवितात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोक मधुमेही आहेत. पायाची संवेदना कमी झालेल्या मधुमेही शेतकऱ्याला पायात काटा मोडल्याचे पुष्कळदा कळतही नाही.

औषध चालू असताना रोग का वाढतो ?

प्रतिजैविकांच्या या युगात अशा रोगाने माणसे का दगावावीत, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याची तीन कारणे सांगता येतील.

पहिले कारण असे की, औषध रक्तावाटे जाते आणि रोगट भागातील रक्तवाहिन्या तर तुंबलेल्या असतात. पाट फुटलेल्या शेतात पाणी पोहोचू नये, तसे औषध नेमके जेथे हवे तेथेच पोहोचत नाही.

दुसरे कारण असे की, प्रतिजैविक जंतूला मारते, परंतु आधीच बाहेर पडलेल्या विषाला ते मारू शकत नाही.

तिसरे कारण थोडे सूक्ष्म आहे. पेनिसिलिन हे औषध वाढत्या जंतूची भिंत बांधू देत नाही. जंतूंची गर्दी झाल्यावर त्यांची वाढ मंदावते, भिंत बांधण्याचे काम थांबते आणि पेनिसिलिनचा प्रभाव ओसरतो. अमेरिकन शास्त्रज्ञ हॅरी ईगल यांनी १९५२ मध्ये ही गोष्ट दाखवून दिली. पुढे १९८८ मध्ये डेनिस स्टीव्हन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोकॉकसची बाधा केलेल्या उंदरांवर प्रयोग केले. पेनिसिलिन देण्यास दोन तास उशीर झाला असता ते निरुपयोगी ठरले. उलट क्लिंडामायसिन हे औषध सोळा तासांहून अधिक उशिरा देऊनही बहुसंख्य उंदीर वाचले. जंतुविषे ही प्रथिने आहेत आणि क्लिंडामायसिन जंतूचा प्रथिने बनविण्याचा कारखानाच बंद पाडते, हे या यशाचे एक प्रमुख कारण मानले जाते. म्हणून आज अशा रुग्णांना डॉक्टर ही दोन्ही प्रकारची औषधे एकत्र देतात.

तरीही या रोगाचा खरा उपचार शस्त्रक्रिया हाच आहे. मेलेला व मरू घातलेला सारा भाग, निरोगी व रक्त वाहणारी ऊती लागेपर्यंत, कापून काढावा लागतो. एक-दोन दिवसांत जखम पुन्हा उघडून तपासावी लागते. कधी हातपाय गमवावा लागतो. उत्तम उपचार मिळूनही नेक्रोटायझिंग फॅसायटिसचे साधारणतः चार-पाच रुग्णांपैकी एक दगावतो. शस्त्रक्रियेस विलंब झाला तर हे प्रमाण वाढते आणि शस्त्रक्रिया झालीच नाही तर वाचण्याची आशा जवळजवळ नसते.

शरीर देत असलेल्या सूचना

या रोगाची पहिली सूचना डोळ्यांना दिसत नाही, ती रुग्णाच्या तोंडून ऐकावी लागते. जखम किरकोळ दिसते, कातडी थोडीशी लाल असते, पण रुग्ण वेदनेने तळमळतो. जखमेच्या मानाने दुखणे फार जास्त असणे ही सर्वांत महत्त्वाची खूण होय. अशा रुग्णाला ‘एवढ्याशा जखमेचा केवढा बाऊ’ असे म्हणून गप्प करणे, किंवा वेदनाशामक गोळी देऊन झोपविणे घातक ठरू शकते.

त्यापाठोपाठ सूज झपाट्याने पसरते, ताप येतो, नाडी जलद चालते, रुग्ण घाबरा होतो अथवा बरळू लागतो. कातडी आधी लाल, मग जांभळट व काळसर होते. तिच्यावर पाण्याचे किंवा रक्ताळलेले फोड येतात. वायू झाला असल्यास दाबल्यावर करकर लागते. पुढे कधी कधी दुखणे एकाएकी थांबते आणि घरच्यांना हायसे वाटते. प्रत्यक्षात त्या भागातील मज्जातंतू मेल्यामुळे दुखणे थांबलेले असते. ही सुधारणा नसून धोक्याची घंटा आहे.

लाली पसरते आहे किंवा नाही याविषयी शंका असल्यास तिच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढावी व वेळ लिहून ठेवावी. एक-दोन तासांत लाली त्या रेघेबाहेर गेली तर निर्णय झालाच. मात्र वेदना असह्य असतील तर रेघेचीही वाट पाहू नये.

जखमेवर काय करू नये

जखमेवर शेण, माती, राख, चुना-तंबाखू लावण्याची प्रथा अजून पूर्णपणे गेलेली नाही. ज्या शेणामातीत वायुकोथाचे व धनुर्वाताचे बीजाणू असतात, तीच जखमेत भरणे म्हणजे शत्रूला आपल्या हाताने घरात घेणे होय. तीव्र जंतुनाशके ओतण्यानेही खोल जखम शुद्ध होत नाही. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील बुलोन येथे काम करीत असताना अलेक्झांडर फ्लेमिंग यांना असे आढळून आले की, खोल जखमेच्या कानाकोपऱ्यांत ही औषधे पोहोचत नाहीत, उलट शरीराच्या पांढऱ्या पेशींनाच त्यांची इजा होते. तेथील शेतजमिनीही पिढ्यान्‌पिढ्या शेणखतावर पोसलेल्या होत्या आणि सैनिकांच्या जखमांत वायुकोथ मोठ्या प्रमाणावर होत होता. अशा जखमेतील मेलेला भाग कापून काढावा आणि ती काही दिवस उघडी ठेवावी, हा धडा शल्यवैद्य तेव्हाच शिकले.

जखम स्वच्छ वाहत्या पाण्याने व साबणाने भरपूर धुवावी, स्वच्छ कापडाने झाकावी आणि ती खोल, ठेचलेली किंवा मातकट असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. अशी जखम घाईने शिवून बंद करण्याचा आग्रह डॉक्टरांकडे धरू नये.

विषावर विजय मिळविलेली दोन उदाहरणे

जंतुविषांपुढे मनुष्य हतबल आहे असे मात्र नाही. धनुर्वाताचा जंतू वायुकोथाच्या जंतूचाच भाऊबंद होय. तो मांसाचा नाश करीत नाही, पण त्याचे विष मज्जातंतूंवाटे वर चढते आणि स्नायूंना झटके आणते. बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्ये बर्लिन येथे या विषाविरुद्ध प्रतिविष तयार होते हे दाखविले. पुढे रासायनिक क्रियेने विषाचा घातक गुण काढून घेऊन त्याचीच लस बनविण्यात आली. आपल्या देशात १९७८ मध्ये विस्तारित आणि १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे प्रमाणित करण्यात आले. एके काळी सुईणीच्या विळ्यामुळे बाळ दगावणे हे नशिबाचे भोग समजले जात होते, हे लक्षात घेता या यशाचे मोल कळते.

दुसरे उदाहरण गोठ्यातले आहे. फऱ्याची लस पुण्यात औंध येथील पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेत तयार होते. पावसाळ्यापूर्वी दरवर्षी ती टोचून घेतल्यास जनावर सुरक्षित राहते. फऱ्याने मेलेले जनावर मात्र सोलू नये. ते चुना टाकून खोल पुरावे, अन्यथा बीजाणू शिवारभर पसरतात.

माणसाचा वायुकोथ किंवा स्ट्रेप्टोकॉकसची बाधा यांसाठी वापरात असलेली लस नाही. येथे सावधपणा हीच लस होय. मधुमेहींनी रोज रात्री पायाचे तळवे तपासावेत, अनवाणी शेतात जाऊ नये आणि रक्तातील साखर आटोक्यात ठेवावी.

सर्पदंशाची तत्परता जखमेलाही हवी

विषारी सापांच्या विषातही पेशीपटलातील स्निग्ध पदार्थांचे विघटन करणारी एंझाइमे असतात. म्हणजे घोणसाचे विष आणि वायुकोथाचे अल्फा विष यांच्या करणीत बरेच साम्य आहे. साकूर-घारगावच्या पठारावर कोणाला सर्पदंश झाला तर घरची माणसे उद्याची वाट पाहत नाहीत. मिळेल त्या वाहनाने रुग्णाला घेऊन निघतात. तेथे विष बाहेरून आलेले असते आणि दंशाच्या खुणा डोळ्यांना दिसतात. जखमेतील जंतू मात्र विष आतच तयार करतो, तासागणिक वाढवीत नेतो आणि कोणाला दिसत नाही. फरक एवढाच आहे.

रुग्णाला हलविण्यासाठी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून उपलब्ध आहे. संगमनेर पुणे-नाशिक महामार्गावर आहे, आणि शेजारच्या राहाता तालुक्यात लोणी येथे १९८४ मध्ये सुरू झालेले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. शस्त्रक्रियेची सोय आवाक्याबाहेर नाही. ऊसतोडणीच्या हंगामात कोपीवर मुक्काम करणाऱ्या मजुरांपर्यंत हे ज्ञान पोहोचविणे हे मात्र मुकादम, कारखाने, आशा कार्यकर्त्या आणि ग्रामपंचायती या सर्वांचे काम आहे. आज हजेरी बुडू नये म्हणून उद्यावर ढकललेली जखम एखाद्या कुटुंबाचा कर्ता हात हिरावून घेऊ शकते. जखम केवढी आहे हे पाहण्याबरोबर जखमी माणूस काय सांगतो आहे, हे त्याच रात्री ऐकून घेतले, तर असे कितीतरी हात वाचतील.